कुंभारीण

हळदोण्याच्या दुकानात, दोन मोडक्या सोफ्यांच्या मागं,
ती होती, मी कामाला लागायच्या आधीपासून.
भाजल्या मातीची बाई, छातीपर्यंतच,
खाली काळ्या लाकडाचा गोल ओटा.
केस मागं वळवून बांधलेले,
एका खांद्यावर पदरासारखं काहीतरी.
कायतानबाब म्हणतात, पदर नव्हे तो. ग्रीक.
डोळ्यांत बुबुळं नाहीत.
नाकाचं टोक कधीतरी उडालं, ते कुणी
गेरू लावून झाकलंय, वाईट.

गिऱ्हाईक लिस्बनचं असलं, तर ही व्हाइसरॉयची भाची.
फ्रेंच असलं, तर पॅरिसहून बोटीनं आलेली.
दिल्लीकरांना फक्त वय सांगायचं: दोनशे वर्षं.
ती सगळ्यांचं ऐकून घेते.
मीही.

माझं काम पुसायचं, उचलायचं, किमतीच्या चिठ्ठ्या बदलायचं.
तीस हजार. पन्नास. पंच्याऐंशी.
तेवढ्यात माझा पगार दोनदा वाढला, पाचपाचशेनं.

एकदा बाबा आले डिचोलीहून, पिशवीत नीरफणस घेऊन.
देवळात काढतात तशा चपला बाहेर काढल्या,
झुंबरं, आरसे, पेटारे, काहीच बघितलं नाही,
थेट तिच्यापुढं जाऊन उभे राहिले
आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं तिच्या कानशिलावर,
बाजारात मडकं घेताना करतात तसं.
कान लावला.
"पक्की भाजलीय. आतनं पोकळ आहे.
भरीव असती तर आव्यातच फुटली असती.
डोकं पोकळ म्हणून टिकली बाई."
मग जरा थांबून,
"पाणी भरलं तर गार होईल."

कायतानबाब हसले. मी नाही.
आमचं चाक आता गोठ्यात आहे, भिंतीला टेकून,
त्याच्या आडोशाला कोंबडी अंडी घालते.

गेल्या महिन्यात ती विकली गेली, आसगावच्या नव्या बंगल्यासाठी.
मालकीणबाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला:
पांढरी भिंत, निळं पाणी,
मध्ये रिकामी जागा, हिच्या मापाची.
"साफ करून द्या हं. आतूनसुद्धा."

पाठ उघडी आहे तिची.
कायम भिंतीकडं, म्हणून कुणाला दिसत नाही.
तिला गोधडीवर पालथी घातली, गालाखाली उशी,
आणि आत हात घातला मनगटापर्यंत.
बाहेरून एवढी गुळगुळीत, आतून नाही:
बोटांनी दाबत, रेटत नेलेली माती, घाईघाईची,
कुणी बघणार नाही हे माहीत असल्यासारखी.
वर, कपाळाच्या मागं,
हाताला ढेकळं लागली, एकमेकांना चिकटलेली.
टॉर्च मारला.
कुंभारीण माशीची घरं, पाच.
चार भोक पाडून रिकामी झालेली. पाचवं बंद.

लाल माती, आमच्याकडचीच,
कुठल्या तरी बांधावरून तोंडात धरून आणलेली,
गोळी गोळी,
सोफ्यांवरून, झुंबरांखालून, कितीतरी खेपा.
चाक नाही, आवा नाही,
किंमत कुणी विचारली नाही.

हातात खरवडायचं पातं होतं.
चार काढली.
पाचव्यावर पातं टेकवलं, आणि तसंच राहिले
बाहेरून मासळीवाल्याचा हॉर्न जाईपर्यंत.

"झालं गे?"
"झालं, बाब."
जुनी वर्तमानपत्रं, गवत, खोका, सुंभाची दोरी.

काल आसगावहून फोन आला.
दुपारी पुतळ्यातून आवाज येतो म्हणे,
कुणी तोंड मिटून गुणगुणावं तसा.
कायतानबाबांनी माझ्याकडं बघितलं.
मी खुर्चीच्या पायाला पॉलिश लावत होते,
एकाच पायाला, केव्हाची.
"जुनी आहे ना, बाय," ते फोनात म्हणाले,
"थोडं बोलते.
त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत तुम्हाला."